कोपराएवढी टेबलं

पनवेल,
ता. २८ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप महादूमामांस,

शकूचा साष्टांग नमस्कार. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? मैनामामीचा खोकला उतरला का? तांबड्या गाईला पाडा झाला की पाडी, हे आईच्या पत्रात नव्हतं. (तिने मास्तरांकडून दीड पान लिहवून घेतलं, पण ते सगळं मी कारखान्यात खुर्चीवर बसून काम करते याच विषयावर. आपटे गावात ही बातमी आता कोणाला कळायची राहिली असेल असं वाटत नाही.) मी इथे खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, आणि रोज घरी गेल्यावर अंगाला कैऱ्यांचा वास येतो, तो साबणाने जात नाही.

तुम्ही केलेली सहा टेबलं आणि बारा स्टुलं गेल्या सोमवारी बळीरामच्या गाडीतून सुखरूप पोचली. कामाबद्दल काय लिहू? एकही टेबल डुगडुगत नाही. (हा गुण पुढे फार उपयोगी पडला.) उरण नाक्यावर लोकांनी गाडी अडवून लग्न कोणाचं म्हणून विचारलं, तेव्हा बळीरामने डोकं न खाजवता "आमच्या शकूबायचं" असं सांगून टाकलं. त्यामुळे दोन दिवस मला ओळखीच्या-अनोळखी बायकांना थांबून समजावून सांगावं लागलं की हे लोणच्याच्या कारखान्यातल्या कामगारांचं आरोग्य सुधारण्यासाठी आहे. एकीचाही विश्वास बसला नाही.

टेबलांचा नकाशा घेऊन मी आले होते तेव्हा तुम्ही तो उलटा-सुलटा करून पाहिलात आणि दोनच गोष्टी बोललात. पहिली, "बायांना विचारलंस का?" आणि दुसरी, "त्यापेक्षा मी वीतभर उंचीचे रुंद पाट करून देतो, बारा." त्यावर मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला आठवत नसेल तर फार बरं. आठवत असेल तर ही मुलगी बी.ए. होऊन अजून वर्षही झालेलं नाही, हे लक्षात घेऊन सोडून द्यावं. पाटांचा विषय मी या पत्रात काढणार नाही.

तुम्हाला मागची हकीकत नीट सांगायची राहिली होती. शिमग्यानंतर सरकारी इन्स्पेक्टरसाहेब कारखाना पाहून गेले आणि मागे एक शेरा ठेवून गेले : कैऱ्या चिरणाऱ्या बाया मिठाच्या पाण्याने ओल्या झालेल्या जमिनीवर, पाठ वाकवून, उघड्या विळ्यांपुढे बसतात. दुखापतीचा धोका आहे. बसण्याची योग्य व्यवस्था करून कळवावे, साहेब स्वतः एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी येऊन पाहतील. आमचे दयारामशेठ माणूस वाईट नाहीत, पण शिक्का असलेल्या कागदाला ते विंचवासारखे भितात. त्यांनी तो दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बी.ए.बाई, हे तुमचं." (मी कारकून आहे. बरण्यांची आवक-जावक लिहिणं हे माझं काम. पण मामा, खरं सांगते, तो कागद वाचून मला आनंद झाला. शिकून आपण काहीतरी करावं असं जे वाटतं, ते माझ्या टेबलावर आपल्या पायांनी चालत आलं होतं.)

आणि त्याच आठवड्यात भामाबाईंचं प्रकरण निघालं. भामाबाई विचुंब्याच्या. कारखाना निघाल्यापासून विळीवर आहेत. त्यांच्या हातची फोड तराजूत घातल्यासारखी एकसारखी असते. पण अलीकडे त्यांची कंबर धरते. उठताना भिंतीला हात लावून उठतात, आणि दोन महिन्यांपूर्वी अंगठाही कापून घेतला. टोपल्या कमी भरू लागल्या. शेठनी मुकादमाला सांगितलं की म्हातारीला या हंगामानंतर बोलावू नका. मी तशीच शेठच्या खोलीत गेले आणि म्हणाले की यात दोष भामाबाईंच्या कंबरेचा नाही, बसण्याचा आहे. मला मुदत द्या, बसणं सुधारते, मग बघा. शेठ म्हणाले, "साहेब येतील त्या शनिवारपर्यंत. त्या दिवशी टोपल्या इतरांबरोबरीने भरल्या तर राहू दे म्हातारी." भामाबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझ्या केसांत मीठ राहिलं.

मग मी कामाला लागले. मुंबईहून एक इंग्रजी पुस्तक आणवलं. त्यात लांब झगे घातलेल्या मडमा टेबलांशी बसून बिस्किटांचे डबे भरताहेत अशी चित्रं आहेत, आणि नियम असा की काम हाताच्या कोपराच्या उंचीवर असावं. मी टेप घेऊन बाराही जणींची कोपरं मोजली. खांद्यापासून, बुडापासून, जमिनीपासून. बाया आनंदाने हात पुढे करत होत्या. चंद्रावतीने तर दोनदा मोजून घेतलं. एवढा उत्साह पाहून मला वाटलं, शास्त्राची गोडी ही अशी उपजत असते, तिला फक्त वाव द्यावा लागतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी खुलासा झाला. "बाय, आमची पोलकी शिवून आली काय?" चंद्रावतीने विचारलं. शेठ सणाला पोलकी देणार म्हणून मापं घेतली, असं सगळीकडे पसरलं होतं. दोघींनी तर बाहीला काठ कुठला हवा तेही ठरवलं होतं. पाडव्याला पोलक्यांऐवजी मी त्यांना टेबलाचा नकाशा दाखवला. त्या दिवशी बारा बायांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कोणी कोणाकडे पाहू नये.

टेबलं आली. मांडली. स्टुलांवर बाया बसवल्या. विळ्या टेबलावर ठेवल्या. मी घंटा वाजवली (खरोखरची, शेठच्या देव्हाऱ्यातली). चंद्रावतीने पहिली कैरी पात्यावर दाबली, आणि विळी पुढच्या बाजूला उलटली. कैरी उडाली ती दारात उभ्या असलेल्या शेठच्या टोपीवर. मामा, विळी पायाखाली दाबून धरावी लागते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी मुलगी आहे, घरी भाजी चिरली आहे. तुम्हालाही जन्मभर मी लाकूड पायाच्या अंगठ्यात धरून रंधताना पाहिलं आहे. पण पुस्तकातल्या मडमांना पाय टेबलाखाली असतात, आणि मी नकाशा काढताना बायांचे पायही टेबलाखाली घातले आणि तिथेच विसरले.

मंगळवारी विळ्या खिळ्यांनी ठोकल्या. आता त्या हलेनात. पण तेव्हा असं दिसून आलं की मी टेबल कोपराएवढं केलं, आणि विळीचं पातं त्याच्याही वर हातभर उभं राहतं, ते मी मोजलंच नव्हतं. पातं बरोबर तोंडासमोर आलं. भामाबाईंनी एक कैरी उचलली, पात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बाय, हिथं नाक कापलं तं तेपन बरनीत जाईल."

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे तीन दिवस मी नीट जेवले नाही. विळ्या पुन्हा ओल्या जमिनीवर गेल्या आणि टेबलांवर रिकाम्या बरण्या आल्या. भामाबाईंच्या टोपल्या तशाच मागे. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना म्हटलं की माझं चुकलं, तुमची जागा माझ्या हट्टापायी जाणार. त्या म्हणाल्या, "तू इचारलंस कदी, माजी कंबर कशानं दुखते?" मी म्हटलं, वाकून बसल्याने. "बसल्यानं नाय गो. जल्मभर बसलंय. कैऱ्यांची टोपली भुईवरशी उचलायची, फोडींची टोपली भुईवर ठेवायची, दर खेपेला उठायचं. उठताना मरतंय मी." आणि मग म्हणाल्या, "उद्या तू सायबाला दारात धरून ठेव घटकाभर. मंग बगू."

शनिवारी मी साहेबांना दारात धरून ठेवलं. त्यांना बरण्यांचं रजिस्टर दाखवलं, पाण्याची टाकी दाखवली, मिठाच्या गोणी मोजून दाखवल्या. (ते दोनदा म्हणाले, "बाई, हे मागच्या वेळी पाहिलं.") मग आत नेलं. मामा, काय सांगू? तुमच्या सहा टेबलांवर, प्रत्येकावर दोघी, पाठीला पाठ लावून, बाराही जणी चढून बसल्या होत्या. लुगडी खोचलेली, एक पाय विळीवर, गणपतीच्या आराशीत मूर्ती बसवाव्यात तशा. स्टुलं प्रत्येक टेबलाच्या दोन्ही बाजूंना, त्यांच्यावर टोपल्या : एका हाताला कैऱ्या, दुसऱ्या हाताला फोडी. कोणी उठत नव्हतं, कोणी वाकत नव्हतं. नुसता चर्र चर्र आवाज. आणि टेबलं जागची हलत नव्हती, हे वर लिहिलंच आहे.

शेठ भिंतीला टेकले. साहेबांनी चष्मा पुसला आणि भामाबाईंना विचारलं, "ही व्यवस्था कुणी केली?" मी तोंड उघडणार तोच भामाबाई टेबलावरूनच म्हणाल्या, "आमच्या ह्या बायनी. सायब, तुमचा कागूद म्हनतो भुई ओली हाय. ही सुकी हाय. कागूद म्हनतो पाठ वाकते. बगा, वाकतं काय कोन?" साहेब टेबलांभोवती एक फेरी मारून आले. कोणाची पाठ वाकलेली नव्हती. मुकादमाने टोपल्या मोजल्या. भामाबाईंच्या टोपल्या चंद्रावतीच्या बरोबरीने होत्या, वर एक पाटी जास्त. (चंद्रावती नंतर म्हणाली, "म्हातारी चढली ती उतरायलाच तयार नव्हती, मंग भरणारच ना!" उतरवायला खरोखरच आम्ही तिघी लागलो.) साहेबांनी शेऱ्यात लिहिलं : बसण्याची व्यवस्था समाधानकारक. मामा, सरकारी कागदावर, शाईने, समाधानकारक! शेठनी तो कागद या वेळी पूर्ण हातात धरला. भामाबाईंना तूर्त ठेवलं आहे.

तर असं तुमचं सुतारकाम आणि माझं शिक्षण दोन्ही मिळून सत्कारणी लागलं. मामीला नमस्कार, आईला नमस्कार, पाडा किंवा पाडी जे असेल त्याच्या पाठीवर माझ्या नावाने हात फिरवावा.

तुमची लाडकी भाची,
शकू

ता. क. - हे पत्र बळीराम गाडीतून घेऊन येत आहे. त्याच्या मागे ताडपत्रीखाली काय आहे ते पाहून कृपया रागावू नये. ती तुमचीच सहा टेबलं आणि बारा स्टुलं आहेत. साहेबांच्या शेऱ्याचं दुसरं वाक्य वर लिहायचं राहिलं, ते असं : परंतु बाई वरून पडण्याचा धोका आहे, सबब उंची आठ दिवसांत वीतभर करावी, अन्यथा ही व्यवस्था बंद करावी. म्हणजे पुन्हा भुई, पुन्हा टोपल्या, आणि शेठ म्हणतात, मग म्हातारीचं काही खरं नाही. तेव्हा सगळ्या पायांना करवत लावून गाडी शुक्रवारपर्यंत परत पाठवावी. टेबलं कापल्यावर त्यांचे सहा मोठे पाट होतील हे मला दिसतं आहे. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं, हेही मला दिसतं आहे. मैनामामीसमोर बोलू नये एवढीच विनंती.

ता. क. २ - मापासाठी सोबत सुतळी पाठवते. तिला भामाबाईंनी बसल्या जागी दोन गाठी मारल्या आहेत : खालची पाटाची, वरची टोपली ठेवायच्या स्टुलाची. या वेळी मी टेपला हात लावला नाही. टेप चंद्रावतीकडे आहे. बायांनी आपली पोलकी आपणच शिवायला घेतली आहेत.

ता. क. ३ - कापलेल्या तुकड्यांतून एक लहानसा पाट आणखी करावा, पायाखाली घ्यायला. तो माझ्यासाठी. भामाबाई आज सकाळी माझ्या कचेरीत आल्या, खुर्चीखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, तुजे पाय लटकतान. तुजी पन कंबर दुखत आसंल." दुखते, मामा. आल्या दिवसापासून दुखते. खुर्ची उंच आहे. आईला मात्र हे सांगू नये. मी खुर्चीवर बसते एवढंच तिला माहीत असू दे. ते खोटं नाही. फक्त पाय अजून खाली टेकलेले नाहीत.