लेकीला पोहायला मी शिकवलं

२ मार्च
लेकीने शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये राष्ट्रीय सुवर्णपदक पटकावलं. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. साहेबांनी विचारलं, पोरीला पोहायला शिकवलं कोणी. म्हटलं, मीच. तसं ते खरंच आहे. सहा वर्षांची असल्यापासून रोज पहाटे स्कूटरवरून तलावावर नेलं कोणी? हातपाय मारायला बायकोने शिकवलं, ती नदीकाठी वाढलेली. पण तो तपशील झाला.

५ मार्च
साहेबांचा मेहुणा पेपरात वार्ताहर. रविवारी मुलाखतीला येतोय. फोटो हवाय, पाण्यात बाप-लेक, गुरू-शिष्या. हो म्हणून बसलो. मला पोहता येत नाही ही किरकोळ अडचण. डोकं असलं की आठवडा पुष्कळ होतो.

६ मार्च, सकाळी
गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या तलावावर नाव नोंदवलं. घरी ऑडिटची थाप मारली. बॅचमधली सगळी पोरं माझ्या कमरेएवढी. सगळी तरंगतात. हाडं हलकी असतात त्यांची.

८ मार्च
नाकातोंडात पाणी. इथे क्लोरीन फार घालतात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काका, आधी कठडा सोडा. उद्या सोडायचा. नक्की.

९ मार्च
कठडा सोडला नाही. पकड मात्र बरीच सैल केली.

११ मार्च, संध्याकाळी
वार्ताहराने लेकीला विचारलं, पहिले गुरू कोण. ती आईकडे बघायला लागली. मी पंख्याकडे. बायको कपबश्या उचलता उचलता म्हणाली, यांनीच शिकवलं. आणि आत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग तलाव. उथळ बाजूला उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, थोडं मागे. अजून थोडं. मागे पायाखाली काहीच नव्हतं.

लेकीने हनुवटीखाली हात घालून काठाशी आणलं. मी म्हटलं, पायात गोळा आला. कोणत्या पायात, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

परत येताना लेक म्हणाली, बाबा, मला सांगायचंत ना, मी फोटोला नाही म्हटलं असतं. शिवाय घर येईपर्यंत माझा हात धरून चालली.

१३ मार्च
बातमी आली. लेकीने मागाहून फोन करून वार्ताहराला खरं काय ते सांगितलं म्हणे, आणि फोटोही काल पुन्हा काढायला लावला. फोटोत मायलेकी पाण्यात. माझ्याबद्दल एक ओळ: वडिलांना पोहता येत नाही, पण ते रोज काठावर बसून असतात.
साहेबांनी पेपरची घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली आणि चहा घेणार का विचारलं. चार शब्द सुनावले असते तर चाललं असतं.

१४ मार्च
बायकोला 'चुकलो' म्हणायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. तोंडातून निघालं, मला पोहायला शिकव. तिने ओटा पुसून फडकं पिळलं. मग म्हणाली, आधी बादलीत तोंड घालून श्वास धरायला शिका. मी मनात म्हटलं, अगदीच सोपं. महिन्याभरात फ्रीस्टाइल.

१५ मार्च, सकाळी
बादलीत तोंड घातलं. लगेच काढलं. बायको दारातच उभी होती. म्हणाली, अहो, चष्मा तरी काढायचा.