गरम करण्यात काय एवढं?

रविवार, २ मार्च. संध्याकाळ.

आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली, मग बाकीचं.

मेहुणी एर्लिंदा: गुडघा नवा बसवला. डॉक्टर म्हणतो उत्तम, ती म्हणते वाईट. डॉक्टरने अजून तिच्याशी वाद घालून पाहिलेला नसावा. बायको टेन्चा: कंबर ठीक. दुपारी भाच्याच्या वाढदिवसाच्या जेवणावरूनच परस्पर लारेडोला गेली, बहिणीच्या सेवेला. शेजारची चेलो: साखर उतरली आहे, जीभ आहे तिथेच. कुत्रा कानेलो: कान बरा. ट्रक: सकाळी खोकतो. मी: ठणठणीत.

आता फ्रीजमधली मंडळी. फाहिता, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या, दोन डबे: तब्येत छान. चीजच्या एन्चिलाडा, साल्सात बुडवलेल्या गुंडाळ्या, एक अख्खा ट्रे: जरा फिकट, पण धीराच्या. कुरकुरीत टाको: नाजूक. वितळवलेलं चीज: आत्ताच आखडून बसलंय, एर्लिंदासारखं. लाल भात आणि घोटलेले बीन्स: यांना काही होत नाही.

हे सगळं माझ्याकडे कसं आलं? हॉटेलातून उठताना जो तो म्हणाला, एव्हारिस्तो आता एकटा, त्याला द्या. हातावर थर्माकोलचे डबे हनुवटीपर्यंत रचले. दार उघडायला मात्र कोणी थांबलं नाही.

टेन्चा जाण्याआधी रांधून ठेवणार होती. मीच नको म्हणालो. म्हटलं, शिजवणं ही कला आहे, मान्य. गरम करणं म्हणजे काय, उष्णता इथून तिथे जाते. चाळीस वर्षं या सॅन अँटोनियोच्या उन्हाळ्यात लोकांचे एसी दुरुस्त केले मी, तेही कुठल्या शाळेत न शिकता. जो थंड करू शकतो त्याला गरम करायला कोण शिकवणार? ती माझ्याकडे बघत राहिली. भारावली असणार.

संकल्प: आठवडाभर बाहेरचा घास नाही आणि यातला एक कण वाया नाही. पुढच्या रविवारी ती येईल तेव्हा फ्रीज रिकामा आणि नवरा भरलेला दिसला पाहिजे.

घर आज जरा मोठं वाटतंय. फर्निचर हलवल्यामुळे असेल. फर्निचर कोणी हलवलेलं नाही.

सोमवार, ३ मार्च.

फाहिता, मायक्रोवेव्ह. किती मिनिटं? टेन्चा एक म्हणते. बायका घाबरट. चार लावली.

मांस बाहेर आलं तेव्हा लहान झालं होतं. वाटीवर वाजवून पाहिलं, आवाज आला. एक तुकडा कानेलोला दिला. त्याने तो तोंडात धरला, शांतपणे अंगणात नेला आणि लिंबाच्या झाडाखाली पुरला. मग माझ्याकडे एकदा बघून झोपायला गेला.

निष्कर्ष: हॉटेलने मांस हलकं वापरलं.

टेन्चाचा फोन. म्हणाली, नीट जेवलास का म्हाताऱ्या. म्हणालो, मांस लोण्यासारखं होतं. बरं झालं, म्हणाली, मला तेवढीच काळजी होती. तिची काळजी मिटवणं हे माझं कामच आहे.

मंगळवार, ४ मार्च.

टाको. आतला लेट्यूस काढून ठेवायचा असतो हे त्या डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. गरम लेट्यूस ही वस्तू जगात का नाही हे आज समजलं. कवच कुरकुरीत व्हायचं ते पावसात सापडलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं. चमच्याने खाल्लं. अर्धं.

वितळवलेलं चीज परत वितळवलं. वर तेल, खाली दगड. पाणी घालून पुन्हा लावलं. आता मायक्रोवेव्हच्या छताला पण चीज आहे.

चेलो कुंपणावरून डोकावली. तिच्या पोराचा धर्मपिता मी, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते. या नात्यात तोंड सुटलेलं चालतं असा तिचा समज आहे. म्हणाली, घरात तवा आहे की तोही बायको घेऊन गेली? मी म्हणालो, जिच्या एसीत मी तीनदा गॅस भरला तिच्याकडून उष्णतेचे धडे मी घेत नसतो. ती म्हणाली, तिन्ही वेळा गळला.

नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणणारी बाई.

फोनवर टेन्चाला एन्चिलाडांचं वर्णन ऐकवलं. अजून त्यांना हातही लावलेला नाही, पण वर्णन छान झालं: कडेला साल्सा बुडबुडत होता, वर चीजला तांबूस रंग, मधे बोट घातलं तर भाजेल. तिने ते तिथल्या तिथे एर्लिंदाला मोठ्याने सांगितलं. मग म्हणाली, तुझं एवढं छान चाललंय तर मी आणखी एक आठवडा राहू का, हिला जिना चढता येत नाही.

हो म्हणायचं नव्हतं. तोंड म्हणालं, दोन राहा.

बुधवार, ५ मार्च.

राखेचा बुधवार. चर्चमध्ये मिस्साला गेलो, कपाळावर राख घेतली. आज एकदाच पोटभर जेवायचं आणि मांस वर्ज्य. उपवासकाळ वेळेवर आला, देव कनवाळू.

बीन्स-भात ठरवला. बीन्स मार्गरिनच्या डब्यात काढून ठेवलेले. आमच्या गल्लीत मार्गरिनच्या डब्यात मार्गरिन असतं असं मानणारा माणूस नुकताच राहायला आलेला असतो. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, आइसक्रीमच्या डब्यात साल्सा, ही आमची रीत. तेव्हा झाकण न उघडता डबा तसाच गरम केला आणि बातम्या बघत भातावर ओतला.

मार्गरिन होतं.

सगळं आयुष्य त्या डब्यांनी एकदाही खरं सांगितलं नाही, आणि आज सांगावंसं वाटलं.

टेन्चाला सांगितलं की उपवास आहे, मोजकंच खाल्लं. या आठवड्यातलं पहिलं खरं वाक्य. तिने विचारलं, आवाज का उतरलाय. म्हणालो, राखेमुळे.

गुरुवार, ६ मार्च.

नाश्ता: सीरियल.
जेवण: सीरियल.
रात्री: दूध संपलं.

सीरियल घरातच होतं, म्हणजे संकल्प मोडलेला नाही.

फोनवर सांगितलं की शिळ्या टॉर्टिया, म्हणजे आमच्या मक्याच्या पोळ्या, तुकडे करून तळल्या, वर अंडं आणि साल्सा घातला. एर्लिंदा मागून काहीतरी म्हणाली. टेन्चा म्हणे, ती विचारतेय, वर कोथिंबीर घातलीस का. घातली म्हणालो. खोटं बोलायचंच तर कोथिंबिरीत कंजुषी कशाला.

पलंगाशी टेन्चाच्या बाजूच्या दिव्याचा बल्ब काढून माझ्या दिव्यात घातला. उजेड तेवढाच पडला. परत तिकडे लावून ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च.

उपवासकाळातला शुक्रवार, मांस चालत नाही. आणि पोटाला आज फाहिता हवी. चर्चच्या अंगणात दर शुक्रवारी तळलेल्या माशाच्या प्लेटी विकतात, पैसे छपरासाठी. दोन खाल्ल्या. हे बाहेरचं खाणं नव्हे, हा धर्म आहे. तिसरी बांधून घेतली, छपराचं दुखणं मोठं आहे म्हणून. ती आता फ्रीजमध्ये आहे. आठवडाभर झटून उरलेलं अन्न वाढलं.

मग फोन आला, आणि आता जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

टेन्चा म्हणाली की एर्लिंदाचं घर दुमजली, आपलं बैठं. आठवडाभर माझ्या जेवणाच्या गोष्टी ऐकून एर्लिंदाचाच हट्ट आहे की बरं व्हायचं तर एव्हारिस्तोच्या घरी. परवा, रविवारी दुपारी, भाचा दोघींना गाडीने आणून सोडतोय. गुडघा वळेपर्यंत मुक्काम.

ही तीच एर्लिंदा, जी आमच्या लग्नात वेदीपाशी फादरला म्हणाली होती की अजून वेळ गेलेली नाही.

मी म्हणालो, तिला माझ्या हातचं चालेल? टेन्चा हसली. मग हळूच म्हणाली, "मलाही चालेल, म्हाताऱ्या. मी परवा काही करणार नाही. बसणार, आणि तू गरम ताट माझ्यासमोर ठेवणार. अख्ख्या संसारात असं एकदाही झालं नाही बघ."

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटलेली, वितळवलेल्या चीजसारखी. सुटली तेव्हा एवढंच म्हणाली, किती वाजता पोहोचाल?

ती येतेय. आनंदच आहे. घाम उन्हामुळे येतोय.

शनिवार, ८ मार्च. दुपार.

रंगीत तालीम.

विचार केला की चूक माझी नव्हती, यंत्राची होती. मायक्रोवेव्ह हे घाईवाल्या लोकांचं काम. एन्चिलाडा ओव्हनमध्येच गरम व्हायला हव्यात, सावकाश, सगळीकडून. तो ट्रे अजून अनाघ्रात आहे. निम्म्या आज गरम करून बघायच्या, निम्म्या उद्या त्या दोघींना. योजना निर्दोष.

ओव्हन साडेतीनशे फॅरेनहाइटला लावला आणि तो तापेपर्यंत अंगणात जाऊन कानेलोला योजना समजावून सांगितली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझी बाजू कळेल. आमच्या घरात ओव्हन म्हणजे कपाट. या गल्लीतल्या प्रत्येक घरात तेच. तवे, कढया, केकचे साचे, सगळं त्याच्या पोटात. पेटवायच्या आधी बाई ते सगळं ओट्यावर काढून ठेवते, हे मी कैक वर्षं खुर्चीत बसून पाहिलेलं आहे. पण पाहणं वेगळं. मी तो कधी पेटवला नव्हता.

आत टेन्चाचे दोन्ही बिडाचे तवे होते, त्यांना काही झालं नाही. तिच्या भांड्यांची प्लास्टिकची झाकणंही होती. टॉर्टिया ऊबदार ठेवायचा थर्माकोलचा डबा होता. तिला तिच्या आईकडून मिळालेल्या पातेल्याची मूठ होती. आता हे सगळं एकच वस्तू आहे, निळसर रंगाची, आणि ती ओव्हनच्या जाळीवर कायमची राहायला आली आहे.

अलार्म. धूर. कानेलो कुंपणावरून उडी मारून चेलोकडे गेला. या वयात त्याला उडी मारता येते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. चेलो ओला टॉवेल घेऊन आली, ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या. मी एन्चिलाडांचा ट्रे छातीशी धरून उभा होतो. मग धुरात काही दिसेना, दाराच्या चौकटीला धडकलो, आणि ट्रे गेला. चीज खालच्या बाजूला.

मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की ओव्हन उष्णतेसाठी बनवलेला असतो. त्यात प्लास्टिक ठेवणाऱ्याची ही चूक आहे.

चेलो जमिनीवरच्या एन्चिलाडांकडे बघत म्हणाली, "कोंपाद्रे, तू तिला काय काय सांगितलंयस?"

सांगितलं. बुडबुड्यांसकट. कोथिंबिरीसकट.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "ती बिचारी काल मला फोनवर म्हणत होती, त्याला माझी गरजच पडत नाहीये ग. रडवेली झाली होती."

मी म्हणालो की धुराने माझे डोळे चुरचुरतायत.

चेलो म्हणाली, धूर गेलाय.

रविवार, ९ मार्च. सकाळ, मिस्सानंतर.

रात्रभर फरशी पुसली. वास आहेच. कुत्रा चेलोकडेच आहे, निरोप पाठवला तरी येत नाही.

फ्रीजमध्ये आता: माशाची प्लेट एक, लिबलिबीत. आखडलेलं चीज. बीन्स, कुठल्यातरी डब्यात. फाहिताचा दुसरा डबा, ज्याचं झाकण उघडायचं धैर्य मला नाही. दोन बायका, एक गुडघा आणि गरम ताटाचा एक शब्द येऊ घातलाय.

मनात आलं की आजारी पडावं. मनात आलं की वीज गेली म्हणून सांगावं. एसीवाल्याला फ्यूज काढायला किती वेळ लागतो? हात फ्यूजपर्यंत गेलासुद्धा. पण मग ती म्हणेल, बरं, वीज येईपर्यंत राहते इथेच.

फोन केला तर तोंड पुन्हा काहीतरी छान सांगून बसेल. त्याच्यावर माझा आता भरवसा नाही. म्हणून बोटाने मेसेज लिहिला. जसा पाठवला तसा इथे उतरवून ठेवतो, पुढे कोणी म्हणू नये की मी गयावया केली.

"टेन्चा, गाडीत बसण्याआधी हे वाच. एर्लिंदाला मोठ्याने वाचून दाखवू नकोस. तुला फोनवर सांगितलेलं एकही जेवण मी जेवलो नाही. एन्चिलाडा फरशीवर पडल्या. ओव्हन पेटवण्याआधी आत बघायचं असतं हे मला माहीत होतं, तरी बघितलं नाही. झाकणं गेली. आईच्या पातेल्याची मूठ गेली. पातेलं आहे. दोन आठवडे राहा म्हणालो ते खोटं होतं. मला तू पहिल्या दिवसापासून परत हवी होतीस. एर्लिंदालाही आण, ती बोलेल ते ऐकून घेईन. ताट मी तुझ्यासमोर ठेवणार हे नक्की, फक्त त्यातलं गरम होऊन आलेलं पाहिजे. तेव्हा वाटेत हायवेवर थांबून तीन प्लेटी बांधून घे, आणि गाडीत ब्लँकेटात गुंडाळून आण, इथे आल्यावर गरम करता येणार नाही. लवकर उत्तर लिही. मी बाहेर पायरीवर बसलोय, आत अजून वास आहे."