तोंड आत, बूड बाहेर

प्रिय जामसिंगदादा,

तुझ्या पाड्यावर टॉवर लागत नाही, आणि लागला असता तरी फोनवर मला हे बोलवलं नसतं. जीपवाल्या भिलाजवळ पत्र देतोय. तुझ्या रिनाकडून वाचून घे.

मागच्या आठवड्यात शेठ मला मुंबईला घेऊन गेला, गोदामाच्या यंत्रांच्या प्रदर्शनाला. बापरे, आपल्या मिरची यार्डासारखी चार यार्डं मावतील एवढं आवार. मी तोंड वासून मागे मागे. एका ठिकाणी शेठनं सुक्या मिरचीचं विचारलं, तर त्यांनी भुशाची फुगीर पोती आणून फळीवर रचली. पुढे दोन लोखंडी काटे असलेल्या गाडीनं फळी उचलली आणि सगळी थप्पी धाडकन खाली. शेठ हसला. म्हणाला, आपले हमालच बरे. मी तिथंच गप्प बसायला हवं होतं.

पण कसली खुमखुमी आली कोण जाणे. पहिल्या वर्षी तू कान धरून थप्पी लावायला शिकवलं होतंस ना, पोत्याचं तोंड आत, बूड बाहेर, एक थर आडवा, एक उभा. तसंच रचून दिलं. गाडीनं पार वर नेलं, एक पोतं हललं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. तिकडे शेठ हसायचा थांबला आणि गाडीचा भाव विचारू लागला.

गाडी नाताळात येईल. चालवणार मी. कागदावर सही घेतलीय, दोन वर्षं काम सोडता येणार नाही. तिथल्याच गाडीच्या सीटवर बसवून शेठनं फोटो काढला, डोक्यावर टपाचे लोखंडी गज. घरी आयशानं तो सगळ्या गल्लीला दाखवला. मला मात्र तो बघवत नाही. कारण शेठ म्हणाला, "बशीर, तू मन्हा हिरा शे. पन आते कोणले सांगू नको." त्याला गाडी येईतो पोती उचलायला तुमची टोळी हवी, मग नको.

श्रावणात तू पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला ऊसतोडीसाठी नाव देणार होतास. मीच अडवलं. म्हटलं, कालीबाई वहिनीला घेऊन उसाच्या फडात कशाला मरतोस, यार्डात काम पक्कं आहे. ऊसतोडीचा मुकादम शुक्रवारपर्यंत नावं घेतोय. उद्याच जा, टोळीतल्या आठही जणांची दे. शेठनं विचारलं तर बशीरनं कळवलं म्हण, मग माझं काय व्हायचं ते होवो. पण दिवाळीनंतर टोळी घेऊन गोदामाच्या दारात येऊ नको, दादा. दार उघडायला मीच असेन.

तुझाच,
बशीर