गुडघ्यामागचा ठोका

सारसोळे, मंगळवार संध्याकाळ

फार दिवसांनी या वहीत लिहितोय, माफी असावी. गुडघ्यामागची गाठ कापायचीच ठरली होती. आज सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. आत काळा खड्डा, ठोके देणारा.

"आजोबा, ही गाठ नाही, रक्ताची नळी फुगलीय. सुरी लावली असती तर भिंत रंगली असती!"

मला हसू आलं नाही. आता नळीत औषध सोडून फोटो काढणार, मग मोठं ऑपरेशन. पाय राहील ना? विचारायचंच राहिलं.

घरी गुडघ्यामागे पुन्हा बोट ठेवलं. ठोका लागतोच. लहानपणी माझी लेक शेवंता याच पायावर झोके घ्यायची. आता ती उरणला नांदते, निरोप पाठवून आठवडा झाला, अजून उत्तर नाही. शेवंते, ऑपरेशनआधी एकदा इथं हात ठेव गं. येतेस का, तेवढं लवकर कळव.