कुमारिकेचे पाय

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥
मखमलाबाद, नाशिक
१३ ऑक्टोबर १९९७

चि. साधनास मंगलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दसऱ्याचा झेंडू निघाला. भाव बरा मिळाला; किती ते लिहीत नाही, नाहीतर तू साडी मागशील. अष्टमीला यंदाही कुमारिका म्हणून आमची योगिनीच बसली. ह्यांनी परातीत तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, डोकं टेकवलं. दहावीत गेली तरी अजून पाळी नाही, म्हणून सासूबाई मळ्यामळ्यात सांगत फिरतात की देवीने आमच्या घरी कुमारिका राखून ठेवली आहे. घट, फुलं, नैवेद्य सगळं तीच बघते. मी बाहेर बसले तरी देवाचं अडत नाही.

फक्त दर महिन्याला तिच्या पोटात फार कळा येतात. मी ओवा देते. हल्ली ओटीपोट सुटल्यासारखं दिसतं, म्हणून सलवारीची नाडी सैल करून दिली. वाढतं वय, भात जास्त खाते, असं धरून चालले आहे. तुला काय वाटतं ते कळव. कागदाच्या कडाही भरल्या, आता थांबते. आहे ती माया अशीच राहू दे.

तुझी ताई

कळवण
२१ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. ताईस साधनाचा शि. सा. न.

साडी मी मागणारच, भाव लपवून काही उपयोग नाही. पण ताई, योगिनीचं वाचून घास गेला नाही. पोट महिन्याच्या महिन्याला दुखतं आणि पाळी नाही, हे मला ठीक वाटत नाही. तिचा दात दुखला असता तर एव्हाना दोनदा नेलं असतंस. तिथलं दुखणं म्हणून भाऊजींपुढे तुझी जीभ उचलत नाही. देवीला पोरीच्या कळांचं काय करायचंय? दिवाळीआधी बाई डॉक्टरांना दाखव. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी साधना

नाशिक, सरकारी दवाखाना
३ नोव्हेंबर १९९७

चि. साधनास आशीर्वाद.

योगिनी जिवंत आहे, हे आधी लिहिते.

नरकचतुर्दशीला सासूबाई तिला उटणं लावत होत्या. ओटीपोटाला हात लागला तर तिथे घट्ट गोळा. त्यांनी उटण्याची वाटी तिच्या तोंडावर मारली आणि ह्यांना ओरडून सांगितलं की तुझ्या कुमारिकेला दिवस गेलेत. ह्यांनी ओल्या केसांना धरून तिला अंगणात ओढलं. फावड्याचा दांडा पाठीवर मोडला, मग मोडक्या टोकाने मारलं, मग पोटावर लाथा. नाव सांग, नाव सांग, एवढंच चाललं होतं. पोरीकडे नाव नव्हतंच, ती देणार कुठून. मी मध्ये पडले, माझं मनगट मोडलं. हे डाव्या हाताने लिहिते आहे. मग सासूबाईंना आठवलं की फुलांचा टेम्पोवाला लहानू तिच्याशी हसून बोलतो. हे तसेच धावले, लहानूचं तोंड टेम्पोच्या फाळक्यावर आपटून पुढचे दात पाडले.

दुपारपासून पोरीची लघवी अडली. गुरासारखी ओरडत होती. मी कुणाला न विचारता रिक्षा केली. इथल्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की मुलीच्या अंगाला तिथे तीन वाटा असतात. पुढची लघवीची, मागची शौचाची आणि मधली पाळीची. हिची मधली वाट जन्मापासून पातळ पडद्याने बंद होती. पाळी येतच होती, पण आत साठत होती, त्या गोळ्याने लघवी दाबली. पडदा कापला. काळं, दाट रक्त निघालं. साधना, दोन बाळंतपणं झालेल्या मला तीन वाटा असतात हे त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी हे आले. बाईंनी त्यांना विचारलं की मळ्यातल्या पाण्याच्या चारीचं तोंड बंद राहिलं आणि पाणी चालूच राहिलं तर काय होतं. हे म्हणाले की फुटते. बाई म्हणाल्या की त्या भरलेल्यावर तुम्ही लाथा घातल्या. हे भिंतीकडे तोंड करून बसले.

उठती झाली की तिला तुझ्याकडे पाठवते. पदर पसरते, पोटच्या पोरीसारखी ठेव.

ताई

कळवण
११ जानेवारी १९९८

ती. बाबांस योगिनीचा सा. न.

परीक्षा जवळ आली, घरी ये, असं तुम्ही आईकडून लिहवलंत. मलाही यायचं आहे. माझी तब्येत बरी आहे, दर महिन्याला पाळी येते. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की तो पडदा कुणाचा जाड, कुणाचा पातळ, कुणाचा नसतोच. कान कसे प्रत्येकाचे वेगळे, तसंच. त्यावरून मुलगी चांगली की वाईट ठरत नाही. हे मी वर्गात सांगितलं तर मुली हसल्या. मग एकेकटी येऊन विचारू लागली.

बाबा, लहानूदादाच्या दारात जा. त्याला मारताना जे ओरडलात ते खोटं होतं, असं त्याच्या आईसमोर तेवढ्याच मोठ्याने सांगा. मग मी येते. आजीला माझा नमस्कार सांगू नका.

तुमची योगिनी

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥
मखमलाबाद
२ ऑक्टोबर १९९८

चि. साधनास अनेक आशीर्वाद.

लहानूच्या आईने ह्यांना चप्पल फेकून मारली होती, तरी हे उभे राहिले आणि पुरतं सांगून आले, हे मी तुला कळवलंच होतं. लहानू आमची फुलं अजून नेत नाही.

यंदा अष्टमीला ह्यांनी तीच परात मांडली. योगिनीची पाळी चालू होती, म्हणून सासूबाईंनी शेजारची लहान पोर आणायला सांगितली. हे म्हणाले की हीच बसेल. योगिनी आली, पण बसली नाही. म्हणाली की पाया पडू नका आणि हातही उचलू नका, मला दोन्ही नको. आणि सरळ पुरण वाटायला गेली. सासूबाई उठून मळ्यात निघून गेल्या. मी तिला अडवलं नाही. नैवेद्य तिनेच दाखवला, पानं तिनेच वाढली.

ह्यांचा हात घासाशी थांबला. आता ताट उडतं असं वाटून मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं आणि घास खाल्ला.

परातीतलं पाणी तसंच राहिलं होतं. वाया कशाला घालवायचं, झेंडूला घातलं.

येत्या दिवाळीला तूच ये, उटणं मी लावते पोरीला. साडी घेऊन ठेवली आहे.

तुझी ताई