माझ्या वाटचं मागणं

गोडदेव, भाईंदर पूर्व

बाबा, जय भीम.

हे पत्र मी लातूरला पाठवणार नाही. वाचलंत तर आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही, माहितीये मला.

फोनवर सांगितलं ते खरंच आहे. समाधानचं हार्टचं ऑपरेशन नीट झालं, तुमचा जावई आता जेवतोय. एवढंच सांगितलं नाही, की तो आत होता तेव्हा शेजारच्या नीलिमाकाकूंनी मला हॉस्पिटलातल्या गणपतीपुढे नेलं. म्हणाल्या, "संघप्रिया, माग त्याच्याकडे."

मी हात जोडले, डोळे मिटले. आणि बाबा, मला मागताच येईना! लहानपणापासून विहारात म्हटलेलं तेच तोंडात आलं, बुद्धं सरणं गच्छामि. गणपतीपुढे! आणि त्यात मागायला जागाच नाही.

काकूंना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. "राहू दे, तुझ्या वाटचं मी मागते," म्हणाल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिथेच फरशीवर बसल्या.

देव ऐकत होता का? मला खरंच जाणून घ्यायचंय. तुम्ही म्हणाल, स्वतः पाहिल्याशिवाय मानू नकोस. नाही मानत. पण काकूंना मागताना मी स्वतः पाहिलंय. तेवढं तरी मानू ना, बाबा?

तुमचीच,
संघप्रिया