ओल्या मेपलची साक्ष

चि. मेरीबेथ,

पुरावा न पाहता दोष देणाऱ्याने, पुरावा दिसल्यावर क्षमा मागण्यास विलंब करू नये. काल घरात धूर कोंडला तेव्हा मी म्हणालो, "सूनबाई, धुराड्याची झडप लवकर लावलीस. तुम्हा उबदार फ्लोरिडावाल्यांना व्हर्माँटचा हिवाळा काय कळणार!" तू म्हणालीस, "बाबा, ओंडक्याच्या टोकातून पाणी उकळतंय बघा, लाकूडच रडतंय!" मी हसलो.

आज सकाळी कुतूहलाने दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहिले. मेपलचे वाळलेले लाकूड खणखणते. हे भिजल्या ढोलासारखे बद्द वाजले. या वसंतात फोडलेली ओली रास जुन्या राशीपुढे मीच रचली होती. मग थंड धुराड्याखाली आरसा धरला. आत बोटभर जाडीचे काळे, चकाकते डांबर दिसले. ओल्या लाकडाच्या धुरातून साचलेले ते डांबर एका ठिणगीने पेटले असते आणि घरही गेले असते.

धुराडे साफ करणाऱ्या ऑर्विलला आणण्यास जातो. तोवर चूल पेटवू नकोस. माझी लोकरी शाल घे.

दाराशी तुझी भरलेली बॅग पाहिली. कालच्या माझ्या बोलण्यानंतर जायचे की राहायचे, हा निर्णय तुझा. जिथे राहशील, तिथली चूल तुला निर्धूर ऊब देवो.

ॲन्सेल